पॅलेस्ट्रिना : अनेक आवाज, एक गाणं

वर्गात चार मुलं एकच गाणं मागेपुढे म्हणू लागली तर गोंगाटच होतो ना? सोळाव्या शतकात इटलीच्या पॅलेस्ट्रिना यांनी त्याचंच सुरेल संगीत केलं. त्यांच्या मोटेट या लॅटिन प्रार्थनागीतांत एक आवाज सुरू होतो, दुसरा मागून तीच चाल उचलतो, तरी कुणी कुणाला झाकत नाही.

१५५५ मध्ये पोपच्या गायकवृंदात जागा मिळाली. पण विवाहित म्हणून त्याच वर्षी काढून टाकलं. पुढे १५७२ ते १५८० या काळात दोन मुलं, भाऊ आणि पत्नी गेली. तरीही त्यांनी २५० हून अधिक मोटेट रचले. १५९४ मध्ये रोमला त्यांचं निधन झालं.

समूहगीत बसवताना मुलांना हेच सांगूया : आपला सूर सांभाळा, शेजारच्याचाही ऐका.