घसाऱ्याच्या हिशेबाबाहेर

बँकेच्या कर्जविभागात असताना तारण ठेवलेल्या इमारतींचे मूल्यांकन अहवाल माझ्या टेबलावर येत. जागेची किंमत दर वर्षी चढलेली असे आणि तिच्यावर उभ्या असलेल्या इमारतीची घसाऱ्याने उतरलेली. इमारत साठ-सत्तर वर्षांची असली की तिच्यापुढे जवळजवळ शून्यच. हिशेब चोख असे आणि मी निमूट सही करत असे. त्या शून्याविषयी पहिली शंका आली ती निवृत्तीनंतर, लुई सलिव्हन या अमेरिकन वास्तुशिल्पीच्या आयुष्याविषयी वाचताना.

सलिव्हन ३ सप्टेंबर १८५६ रोजी बोस्टनमध्ये जन्मला. वडील आयर्लंडहून आलेले, नृत्य शिकवणारे. आई स्वित्झर्लंडची, पियानो वाजवणारी. बालपणाचा बराच काळ आजोळच्या शेतावर गेला. त्याच्या नक्षीतली वळणारी पाने आणि फुटणारे कोंब पाहिले, की ते शेत त्याच्याबरोबर जन्मभर राहिले असे वाटते. सोळाव्या वर्षी तो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाला आणि वर्षभरात बाहेर पडला. फिलाडेल्फियात मिळालेली नोकरी १८७३ च्या मंदीत गेली, तेव्हा त्याने शिकागोची वाट धरली.

शिकागोचा मध्यभाग १८७१ च्या आगीत जळून गेला होता. बांधणाऱ्यांसाठी ती कोरी पाटीच होती. मध्ये काही काळ पॅरिसला शिकून आलेला हा तरुण डांकमार अ‍ॅडलर या अनुभवी स्थापत्यकाराच्या कचेरीत रुजू झाला आणि १८८३ मध्ये त्याचा भागीदार बनला. अ‍ॅडलर पायाचा, भाराचा आणि आवाजाच्या घुमण्याचा जाणकार, तर सलिव्हन रूपाचा. नाट्यगृह, हॉटेल आणि कचेऱ्या एकाच छताखाली आणणारी त्यांची ऑडिटोरियम बिल्डिंग १८८९ मध्ये उभी राहिली. तिच्या नाट्यगृहात चार हजारांहून अधिक माणसे बसत.

त्या काळी शहराच्या मध्यभागी जमीन महागत होती. पोलादी सांगाडा आणि लिफ्ट आल्याने इमारती वर चढू लागल्या होत्या. पण ही उंची झाकायची कशी, हीच बहुतेकांना चिंता. कुणी तिला ग्रीक मंदिराचा पोशाख चढवी, कुणी जुन्या चर्चचा. सलिव्हनने उलटा विचार केला. खाली दुकाने, वर एकसारख्या कचेऱ्या, माथ्यावर यंत्रे आणि टाक्या. हे इमारतीचे काम असेल तर तिचे रूपही त्या कामातूनच निघायला हवे. सेंट लुईसची दहा मजली वेनराइट बिल्डिंग आणि बफेलोची तेरा मजली गॅरंटी बिल्डिंग या विचारातून झाल्या. १८९६ मधल्या एका लेखात त्याने तो विचार मांडला आणि पुढे तो जगभरच्या वास्तुशाळांत शिकवला गेला. भाड्याने द्यायच्या कचेऱ्यांची इमारतही देखणी आणि ताठ मानेची असू शकते, हे त्याने दाखवून दिले.

१८९३ साल मात्र फिरले. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पांढऱ्याशुभ्र, अभिजात थाटाच्या इमारतींची वाहवा झाली. त्यांत सलिव्हनने केलेले वाहतूक दालनाचे रंगीत, सोनेरी प्रवेशद्वार एकटे पडले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत सप्टेंबरमध्ये स्वामी विवेकानंद बोलले, म्हणून हे साल आपल्याला ठाऊक असते. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली. कामे आटली आणि १८९५ मध्ये अ‍ॅडलर भागीदारी सोडून लिफ्टच्या कंपनीत गेला. काही महिन्यांतच तो परतला, पण दुखावलेल्या सलिव्हनने त्याला पुन्हा भागीदार करून घेतले नाही. सलिव्हन हट्टी होता आणि गिऱ्हाइकाशी जमवून घेणे त्याच्या स्वभावात नव्हते.

शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवरचे भव्य दुकान हे त्याचे शहरातले शेवटचे मोठे काम. पुढे दारू वाढली, संसार मोडला. १९०९ मध्ये त्याने घरातल्या वस्तू लिलावात काढल्या. या उतरणीवर त्याला कामे दिली ती लहान गावांतल्या बँकांनी, आणि इथेच माझ्यासारखा बँकवाला थबकतो. मिनेसोटातल्या ओवाटोना गावी १९०८ मध्ये त्याने जॉर्ज एल्म्सली या सहायकाच्या मोलाच्या साथीने एक बँक बांधली. लाल विटांची चौकोनी इमारत, दोन बाजूंना प्रचंड कमानी, त्यांत रंगीत काचा. आत हिरवट उजेड आणि भिंतीवर चरणाऱ्या गाईंची चित्रे. दुभत्या जनावरांवर पोसलेल्या त्या गावातला शेतकरी पैसे भरायला आला की त्याला आपलेच रान भिंतीवर दिसावे! १९८१ मध्ये ही बँक अमेरिकेच्या टपाल तिकिटावर झळकली.

१४ एप्रिल १९२४ रोजी सलिव्हन शिकागोतल्या एका हॉटेलच्या खोलीत वारला. शेवटची वर्षे त्याने मित्रांच्या मदतीवर काढली. एके काळी त्याने कामावरून काढलेला शिष्य फ्रँक लॉइड राइटही मदत करणाऱ्यांत होता. अमेरिकन वास्तुशिल्पींच्या संस्थेने आपले सुवर्णपदक त्याला दिले ते १९४४ मध्ये, मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

त्याच्या इमारतींनाही हाच हिशेब लागला. नाट्यगृह असलेली शिलर बिल्डिंग १९६१ मध्ये पाडली गेली आणि तिथे गाड्या उभ्या करायची सोय झाली. शेअर बाजाराची १८९४ ची इमारत १९७२ मध्ये गेली. तिचे नक्षीचे तुकडे वाचवताना रिचर्ड निकल हा छायाचित्रकार ढिगाऱ्याखाली दबून मेला. तिचा सौदे करण्याचा दिवाणखाना आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोने आपल्या आवारात पुन्हा उभारला. ही वास्तू म्हणजे विवेकानंद जिथे बोलले तीच. दिवाणखाना सुंदर आहे, पण तिथे आता कुणी सौदा करत नाही.

वाचल्या त्या इमारती कशा वाचल्या? ऑडिटोरियम १९४६ मध्ये एका महाविद्यालयाने घेतली आणि तिचे नाट्यगृह दुरुस्त होऊन १९६७ मध्ये पुन्हा उघडले. १९७४ च्या आगीनंतर पाडायला निघालेली गॅरंटी बिल्डिंग सावरली गेली, तिथे पुन्हा कचेऱ्या आल्या. नुसत्या कौतुकावर त्या टिकल्या नाहीत. कुणीतरी त्यांना नवे काम शोधून दिले. कामातून रूप निघते म्हणणाऱ्या माणसाच्या इमारती कामानेच जगाव्यात, हे त्याला साजेसेच आहे.

आज एखादा अहवाल समोर आला तर घसारा मी तसाच मांडीन, कारण त्यात खोट नाही. पण आपल्या गावच्या पेठेतली जुनी इमारत शून्यावर आली म्हणून पाडायच्या कागदावर सही करण्याआधी एक रकाना वाढवीन. हिला अजून कोणते काम देता येईल? नोकरीच्या एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही, याची रुखरुख आहे.