पंडिता रमाबाई : पीडितेस उघडलेले दार

पंडिता रमाबाईंचे नाव ऐकले नाही असे ख्रिस्ती घर आपल्या प्रांतात क्वचितच सापडेल. त्यांच्या विद्वत्तेविषयी व पवित्र शास्त्राच्या भाषांतराविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु घरात छळ सोसणाऱ्या स्त्रीस त्यांनी आश्रय कसा दिला, हे आपण विशेष ध्यानात घ्यावे म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकवले, आणि तीच विद्या आईने मुलीस दिली. पुढे उपासमारीत आईबाप गेले, १८८० साली भाऊ गेला, व १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी वारले. तेवीस वर्षांच्या ह्या विधवेच्या पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी तेवढी राहिली.

स्त्रियांस होणारी मारहाण बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी अशी एक हकीकत दिली आहे. एक कोवळी सून सूत काढीत असता वानराने तिचा कापूस पळवला. एवढ्यावरून सासूने मुलास चिथावले व त्याने तिला निर्दयपणे मारले. त्याच वर्षी मुंबईच्या कोर्टाने रखमाबाईंस हुकूम केला की, नको असलेल्या नवऱ्याकडे नांदावयास जावे, नाही तर सहा महिने कैद भोगावी. घर मारी आणि कायदाही त्याच घरी धाडी. मग स्त्रीने जावे कोठे?

ह्या प्रश्नाचे उत्तर बाईंस प्रभूच्या लोकांत दिसू लागले होते. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथे लंडनजवळील फुलहॅम येथे, जगाने टाकलेल्या स्त्रियांस ख्रिस्ती भगिनी प्रीतीने वागवीत, हे त्यांनी पाहिले. ह्या दयेचे मूळ काय, असे त्यांनी विचारता त्यांस शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. प्रभूने तिला दोष देऊन हाकलले नाही, ही गोष्ट त्यांच्या अंतःकरणात रुजली.

स्वदेशी परतून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. ते पुढल्या वर्षी पुण्यास नेले. शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही होय; पुढे ती महर्षी कर्व्यांची पत्नी झाली. १८९३ साली मुली ख्रिस्ती होतील ह्या भयाने पुष्कळ पालकांनी त्यांस काढून नेले, तरी बाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो निराधार मुलींस त्यांनी केडगावी आणले. तेच मुक्ति सदन. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपा सदन काढले. बाई केवळ अन्नवस्त्र देऊन थांबल्या नाहीत. शिक्षण, विणकाम, शेती, छापखाना असे हरएक काम त्यांनी शिकवले. कारण ज्या स्त्रीच्या हाती काम नाही, तिला पुन्हा मारणाऱ्याच्याच दारी जावे लागते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. त्यांचे कार्य केडगावी आजही चालू आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर हजारो जोडपी ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाची उचल दोघांच्या नावे फिटते. म्हणून मार खाल्लेली बाई कोपी सोडू शकत नाही. ती आपल्या पाळकाकडे आली, तर तिला काय मिळते? ‘सोसून घे, प्रार्थना कर’ एवढेच सांगून मीही काहींस परत धाडले आहे. त्याची मला लाज वाटते.

आता कायदा रखमाबाईंच्या काळचा राहिला नाही. २००५ च्या कायद्याने पत्नीस मारहाणीपासून संरक्षण व राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. १८१ ह्या क्रमांकावर फुकट फोन करता येतो. तातडीचे संकट असल्यास ११२ वर पोलीस येतात. हे क्रमांक प्रत्येक मंदिराच्या भिंतीवर लिहावेत. दोन वडीलधाऱ्या भगिनींनी तिच्यासोबत कचेरीत जावे, आणि एखाद्या घराने तिला व तिच्या लेकरांस रात्रीपुरता तरी आसरा द्यावा. प्रार्थना अवश्य करावी. परंतु दार उघडून करावी. रमाबाईंनी तसेच केले.