सुताराचा नांगर कारखान्यात नेणारा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

शेतकरी बंधूंनो, लोधिवली-चौक पट्ट्यात तुमच्या आजोबांचा नांगर गावच्या सुतारानं केलेला असायचा. मोडला तर तोच जोडून द्यायचा. आज पॉवर टिलरचा एखादा भाग तुटला की तुम्हाला पनवेल नाहीतर खोपोली गाठावी लागते. अवजार गावातून कारखान्यात कसं गेलं, हे समजून घ्यायचं तर लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची हकिगत ऐका.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग ओळखण्यात नजर कमी पडे. म्हणून यंत्रांचे आराखडे काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला आले. तिथं भावासोबत सायकलींचं दुकान होतं. त्यातूनच पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले.

आता व्यवहार बघा. सुतार एका वेळी एकच नांगर करायचा, तुमची जमीन आणि तुमची बैलजोडी बघून. देशावर त्याला रोख नव्हे, खळ्यावर बलुतं मिळायचं. कारखान्यात साचा एकदा बसला की त्याच मापाचे शेकडो फाळ ओतता येतात. एक झिजला तर दुसरा तंतोतंत बसतो. लोखंडी नांगर माती उलथून टाकतो, हरळी-कुंद्यासारखं तण उपटून काढतो. पण त्यासाठी रोख पैसा मोजावा लागतो, आणि तो पैसा गावाबाहेर जातो.

शेतकरी लगेच भुलला नाही. लोखंडानं जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षं गेली. अनुभव आल्यावर मात्र मागणी वाढली.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. 1910 मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. माळ ओसाड होता, पण रेल्वे दारात होती. कच्चं लोखंड आणि कोळसा आणायचा, तयार नांगर दूरच्या बाजारात धाडायचे, तर वाहतूक हवीच. 1914 च्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर दरबाराच्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. पुढे उसाचे चरक आणि पंपही निघाले. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी वारले.

त्यांनी शेतकऱ्याचे कष्ट वाचवले, यात शंका नाही. पण सुताराचं एक मोठं काम गेलं, हेही खरंच. आपल्या भातखाचरात चिखलणीला हलका लाकडी नांगर जास्त सोयीचा, म्हणून इथं हा बदल उशिरा पोचला. तो पोचला तो टिलर-ट्रॅक्टरच्या रूपानं.

तेव्हा नवं यंत्र घेताना नुसती किंमत विचारू नका. सुटे भाग कुठं मिळतात, दुरुस्ती कोण करतो, ऐन लावणीत बंद पडलं तर किती दिवस जातील, हे आधी विचारा. आणि सरपंच-ग्रामसेवक मंडळींनो, 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार-लोहारांचा समावेश झाला आणि अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे ठेवली गेली. आपल्या गावातल्या कारागिरांपैकी किती जणांचे अर्ज पुढे गेले, ते दप्तर उघडून बघा. गावातल्या पोरानं वेल्डिंग नि इंजिनदुरुस्ती शिकली, तर बाहेर जाणाऱ्या पैशातला थोडा तरी गावात राहील.