रेल्वे कामगार ते गायक : जिमी रॉजर्स

आज ओळख करून घेऊया अमेरिकेतील कंट्री संगीताचे जनक मानले जाणारे जिमी रॉजर्स यांची.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८९७ चा. आई लहानपणीच वारली. वडील रेल्वेत होते, म्हणून जिमीही कोवळ्या वयात रेल्वेत लागले, पुढे ब्रेकमन झाले. १९२४ मध्ये त्यांना क्षयरोग झाला. तेव्हा त्यावर रामबाण औषध नव्हतं. अंगमेहनतीची नोकरी सुटली, मग गाण्यावरच पोट भरायचं त्यांनी ठरवलं. ऑगस्ट १९२७ मध्ये ब्रिस्टल येथे त्यांची पहिली दोन गाणी रेकॉर्ड झाली. त्याच वर्षी गायलेल्या 'ब्लू योडेल'ने त्यांचं नाव अमेरिकाभर झालं.

मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटचं रेकॉर्डिंग झालं. अंगात ताकद नव्हती, म्हणून स्टुडिओत खाट टाकली होती. गाणं झालं की आडवं व्हायचं, पुन्हा उठून गायचं! २६ मे रोजी ते गेले. वय अवघं ३५. १९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या पहिल्या तिघांत त्यांचा समावेश झाला.

वर्गात त्यांची गोष्ट सांगाल तेव्हा नुसता सन्मान सांगू नका, ती खाटही सांगा. मुलं तीच लक्षात ठेवतील.