श्वासाची वाट राखणारा डॉक्टर : सर आयव्हन मॅगिल

पेडण्यातल्या काय किंवा डिचोलीतल्या काय, आपल्या बहुतेक घरांवर कधी ना कधी हा प्रसंग आलेला असतो. घरातले वडीलधारे माणूस बांबोळीच्या इस्पितळात अतिदक्षता विभागात असते. बाहेरच्या बाकावर आपण बसलेले असतो. आतून डॉक्टर येतात आणि सांगतात, घशातून नळी घालावी लागेल, कागदावर सही करा. हातातला पेन थरथरतो. गावाकडे फोन जातो आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, नळी घातली म्हणजे आता काही खरे नाही का?

या नळीची भीती आपल्याकडे फार आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत ती आणखी वाढली. म्हणून या सदरात या वेळी अशा माणसाची ओळख करून देत आहोत ज्याचा आपल्या गावांशी कसलाच संबंध नव्हता, पण ज्याने घडवलेल्या वस्तू आज आपल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात आहेत. त्याचे नाव सर आयव्हन मॅगिल. भूल देणारे डॉक्टर आणि परिचारिका हे नाव रोज घेतात. तो माणूस कोण होता हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

भुलीची सुरुवात

पणजीची वैद्यकशाळा 1842 साली सुरू झाली तेव्हा जगात कुठेही भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याची रीत रूढ नव्हती. रुग्णाला चार जण धरून ठेवत आणि शल्यविशारद जमेल तितक्या घाईने काम उरकत असे. 16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेत बॉस्टन येथे ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवण्यात आली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1847 मध्ये, एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. आपल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत शिकत होते, तो हाच काळ. 1845 मध्ये कॉलेज सुरू झाले आणि 1851 मध्ये ही तुकडी बाहेर पडली. म्हणजे भुलीचे शास्त्र आणि आपला पहिला नामवंत डॉक्टर यांची वाढ बरोबरीने झाली असे म्हणता येईल.

त्या वेळची पद्धत अगदी साधी होती. रुमालावर किंवा कापडावर औषधाचे थेंब टाकायचे आणि तो नाकाशी धरायचा. किती वाफ आत गेली याचा हिशेब नव्हता. जानेवारी 1848 मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. दुखणे किरकोळ, पण जीव गेला. लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी यावर बारकाईने विचार केला आणि वाफेचे प्रमाण आवरता येईल अशी उपकरणे तयार केली. पटकीचा प्रसार दूषित पाण्यातून होतो हे दाखवणारे स्नो ते हेच.

प्रमाणाचा प्रश्न असा थोडाफार सुटला, पण दुसरा तसाच राहिला. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते आणि घसा बंद होतो. पोटातले वर आले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. शस्त्रक्रियेच्या आधी काही खाऊ-पिऊ नका असे डॉक्टर बजावतात ते यासाठीच. औषध कितीही चांगले असले तरी ते जायचे श्वासाच्या वाटेने, आणि ती वाट राखायची कोणी? मॅगिल यांचे सारे आयुष्य या एका प्रश्नात गेले.

आयर्लंडचा मुलगा

आयव्हन व्हाइटसाइड मॅगिल यांचा जन्म 23 जुलै 1888 रोजी आयर्लंडच्या उत्तरेकडील लार्न या बंदराच्या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी. शिक्षण गावच्या शाळेत आणि पुढे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात झाले. 1913 मध्ये ते डॉक्टर झाले. अंगाने धिप्पाड, मुष्टियुद्धाची आवड असलेला हा तरुण लगेचच पहिल्या महायुद्धात सापडला. सैन्याचा डॉक्टर म्हणून 1915 च्या लूसच्या लढाईत तो आयरिश गार्ड्सच्या पलटणीबरोबर होता.

युद्ध संपल्यावर 1919 मध्ये त्यांची नेमणूक लंडनजवळच्या सिडकप येथील क्वीन्स इस्पितळात झाली. हे इस्पितळ खास चेहऱ्याच्या जखमांसाठी उभारलेले होते. खंदकात लढणाऱ्या सैनिकाचे डोकेच तेवढे वर दिसे, त्यामुळे गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे तोंडावर लागत. कोणाचा जबडा गेलेला, कोणाचे नाक, कोणाचे ओठ. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद हॅरॉल्ड गिलीज तेथे या तरुणांचे चेहरे पुन्हा घडवत होते. सुमारे 5,000 सैनिकांवर 11,000 पेक्षा जास्त शस्त्रक्रिया तेथे झाल्या. एकेका सैनिकाला वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा टेबलावर यावे लागे.

त्यांना भूल देण्याचे काम मॅगिल यांच्याकडे आले. या विषयाचे वेगळे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यांच्या जोडीला डॉ. स्टॅन्ली रोबोथम होते.

अडचण आणि उपाय

अडचण समजायला सोपी आहे. भूल द्यायची तर तोंडावर मुखवटा हवा आणि शस्त्रक्रिया तर तोंडावरच करायची. मुखवटा ठेवला तर शल्यविशारदाला जागा नाही, काढला तर रुग्ण जागा होणार. त्यात तोंडातले रक्त घशात उतरे.

तेव्हा एक युक्ती माहीत होती. बारीक नळी श्वासनलिकेत घालून तिच्यातून ईथरची वाफ दाबाने आत फुंकायची. आत गेलेली हवा नळीच्या बाजूने वाट काढून बाहेर येई. बाहेर येताना ती रक्ताचे तुषार आणि ईथर दोन्ही घेऊन येई, आणि ते थेट शल्यविशारदाच्या तोंडावर. रुग्णाबरोबर डॉक्टरलाही गुंगी यायची वेळ येत असे.

मॅगिल आणि रोबोथम यांनी आधी दोन नळ्या वापरल्या. एकीतून वाफ आत जायची, दुसरीतून बाहेर यायची. घशात पट्टीचा बोळा भरला की रक्तही खाली उतरत नसे. 1921 मध्ये दोघांनी हा अनुभव लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे मांडला. मग लक्षात आले की नळी पुरेशी रुंद असेल तर दोन लागतच नाहीत. रुग्ण एकाच नळीतून श्वास घेईल आणि सोडेल, आपण एरवी घेतो-सोडतो तसाच. फुंकण्याची गरज उरली नाही. आज जगभर श्वासनलिकेत जी नळी घालतात तिचे मूळ या साध्या विचारात आहे.

नळी आणायची कुठून? तयार मिळत नव्हती. मॅगिल यांनी लाल रबराच्या नळीच्या गुंडाळ्या घेतल्या, हवे तेवढे तुकडे कापले, टोक तिरके केले आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. कुळागरात पाणी घालायची नळी गुंडाळून ठेवली की उलगडल्यावरही बाक धरून राहते, हे आपण पाहतो. त्या रबराचेही तसेच होते. गुंडाळीत राहून त्याला जो बाक येई तो नेमका माणसाच्या घशाच्या वळणाला जुळे. आज नळ्या प्लॅस्टिकच्या असतात, पण मॅगिल यांच्या नळीचा बाक आणि तिरके टोक अजून तसेच आहे.

नळी घशातून योग्य जागी न्यायला त्यांनी एक चिमटा बनवला. त्याची माहिती 1920 मध्ये छापून आली. हा चिमटा कोनात वाकवलेला असतो, त्यामुळे धरणाऱ्याचा हात बाजूला राहतो आणि घसा समोर स्पष्ट दिसतो. मुलाच्या घशात नाणे किंवा घासाचा तुकडा अडकला तर डॉक्टर आजही हाच चिमटा हाती घेतात. शंभर वर्षांत त्याचा आकार फारसा बदललेला नाही. 1926 मध्ये त्यांनी स्वरयंत्र पाहण्याचे दिव्याचे उपकरणही सुधारून दिले.

नाकातून नळी घालण्याची त्यांची हातोटी तर प्रसिद्ध होती. आत न पाहता, नळीच्या बाहेरच्या टोकाशी श्वासाचा आवाज ऐकत ते नळी पुढे सरकवत. आवाज मोठा होत गेला की वाट बरोबर, थांबला की चुकली. अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी शेजारी असतात, चूक झाली तर हवा पोटात जाते. म्हणून डोके कसे ठेवायचे हेही त्यांनी शिकवले. सुरंगीचा गजरा नाकाशी आला की आपण मान थोडी पुढे काढून हनुवटी किंचित वर करतो ना, तशी डोक्याची ठेवण असली की वाट सरळ होते.

श्वासाचा भाता

नळीला जोडायचे साहित्यही मॅगिल यांनीच बसवले. एक रबरी पिशवी, एक घडीदार नळी आणि रुग्णाच्या तोंडाजवळ हवा बाहेर सोडणारी झडप. पिशवी लोहाराच्या भात्यासारखी फुगते आणि ओसरते. रुग्ण श्वास सोडतो तेव्हा सुरुवातीला घशातली आणि श्वासनलिकेतली हवा येते. ती फुफ्फुसात वापरली गेलेली नसते, म्हणून ती मागे पिशवीकडे गेली तरी चालते. नंतर फुफ्फुसाच्या खोलातली वापरलेली हवा येते, तोवर पिशवी भरलेली असते, दाब वाढतो आणि ती हवा झडपेतून बाहेर पडते. म्हणजे चांगली हवा राहते, वाईट तेवढी जाते, आणि महागडा वायू वाया जात नाही. रुग्ण आपला आपण श्वास घेत असेल तेव्हा ही रचना फार काटकसरीने चालते. ती इतकी नेमकी का चालते हे कार्डिफच्या विल्यम मेपलसन यांनी 1954 मध्ये उलगडून सांगितले आणि आपल्या वर्गवारीत तिला पहिले, म्हणजे ‘ए’ हे स्थान दिले.

पुढे मॅगिल लंडनच्या वेस्टमिन्स्टर आणि ब्रॉम्प्टन या इस्पितळांत काम करू लागले. ब्रॉम्प्टन हे छातीच्या रोगांचे इस्पितळ. प्रतिजैविके अजून आली नव्हती आणि क्षयाचे रुग्ण पुष्कळ होते. एका फुफ्फुसातला पू शस्त्रक्रियेच्या वेळी दुसऱ्या, चांगल्या फुफ्फुसात उतरला की रुग्ण हातचा जाई. मॅगिल यांनी 1930 च्या दशकात रोगट बाजूची वाट फुग्याने बंद करणारी साधने आणि एकाच फुफ्फुसाला हवा पुरवणाऱ्या नळ्या तयार केल्या. छातीच्या शस्त्रक्रियेला त्यामुळे मोठा आधार मिळाला. खाणीच्या धुळीने छातीचे दुखणे कसे जडते हे पाहिलेल्या आपल्या डिचोलीच्या घरांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

भूलतज्ज्ञाला मान

त्या काळी भूल देणारा डॉक्टर म्हणजे शल्यविशारदाचा मदतनीस समजला जाई. हे काम कोणीही करावे अशी समजूत होती. हे शास्त्र आहे, त्याला वेगळे शिक्षण आणि परीक्षा हवी, यासाठी मॅगिल आणि त्यांचे सहकारी झटले. 1935 मध्ये इंग्लंडमध्ये भूलशास्त्राच्या पदविकेची पहिली परीक्षा झाली. आपल्या गावांतून जी मुले-मुली आज या शाखेत शिकत आहेत त्यांची वाट तेव्हा मोकळी झाली. 1960 मध्ये मॅगिल यांना ‘सर’ हा किताब मिळाला. 25 नोव्हेंबर 1986 रोजी, वयाच्या 98 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामात इतरांनी भर घातली. नळीच्या टोकाला फुगवायची पट्टी अमेरिकेच्या ग्वेडेल आणि वॉटर्स यांनी 1928 मध्ये बसवली. घशात पाहण्याचे वक्र पाते ऑक्सफर्डच्या मॅकिंटॉश यांनी 1943 मध्ये दिले. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी भूल देण्याची ही विद्या शस्त्रक्रियागृहाबाहेर आणली. गळ्याला छेद देऊन बसवलेल्या नळीतून, सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशव्या दाबून रुग्णांना श्वास दिला. आजचे अतिदक्षता विभाग त्यातून उभे राहिले. त्या विद्यार्थ्यांच्या हातांचे काम आता व्हेंटिलेटर करतो.

आता पुन्हा त्या बाकावर येऊ. नळी रोग बरा करत नाही, हे खरे. तिच्यामुळे प्रत्येक जण वाचतो असेही नाही. ती फक्त श्वासाची वाट उघडी ठेवते आणि औषधाला काम करायला वेळ मिळवून देते. रोज कितीतरी माणसांना शस्त्रक्रियेपुरती ती घातली जाते आणि काम झाले की काढली जाते. घसा दोन दिवस दुखतो आणि माणूस घरी येऊन पेज जेवतो. तेव्हा डॉक्टरांनी नळीचे नाव काढले तर घाबरून गप्प बसू नये. नळी कशासाठी, अंदाजे किती दिवसांसाठी, ती काढता येईल अशी आशा आहे का, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. उत्तर कधी मनासारखे येईल, कधी येणार नाही. पण सही करताना आपण कशावर करतो आहोत हे आपल्याला कळलेले असेल.

घरातल्या लहानमोठ्यांना हा लेख जरूर वाचून दाखवा.