फैजपूरच्या काँग्रेससाठी गावोगाव फिरलेला हा मास्तर वर्गाबाहेर जास्त शिकवायचा

नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ तुम्ही पाहिला असेल. नसेल पाहिला तरी त्यामागची गोष्ट कानावर आली असेलच. नागपुरातले प्राध्यापक विजय बारसे. झोपडपट्टीतल्या पोरांना त्यांनी फुटबॉल दिला आणि त्या बॉलच्या मागे धावता धावता त्यातली बरीच पोरं शिस्तीकडे, शिक्षणाकडे वळली. सिनेमा आला २०२२ ला, बारसेंचं काम त्याच्या वीसेक वर्षं आधीचं.

यातली मूळ आयडिया साधी आहे. पोरगं वर्गात रमत नसेल तर ते जिथं रमतं तिथं मास्तरनं जायचं.

आता ही आयडिया काही नागपुरात पहिल्यांदा सुचली असं नाही. आपल्या खानदेशात शंभर वर्षांपूर्वी एक मास्तर हेच करत होते. त्यांच्या हातात फुटबॉल नव्हता. त्यांच्याकडं होता एक झाडू, एक कंदील आणि रात्री जागून हातानं लिहिलेला एक कागद.

पांडुरंग सदाशिव साने. म्हणजे आपले साने गुरुजी.

गुरुजींचं नाव काढलं की लोकांना ‘श्यामची आई’ आठवते आणि त्यापाठोपाठ रडणं आठवतं. अतिशय हळवा माणूस अशी एक इमेज त्यांच्या नावाला कायमची चिकटली आहे. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. हा हळवा माणूस खेडोपाडी पायपीट करून फैजपूरच्या काँग्रेससाठी माणसं उभी करत होता, आणि अधिवेशन भरलं तेव्हा तिथं मैला उचलत होता.

ते पुढं येईलच. आधी सुरवातीपासून बघू.

२४ डिसेंबर १८९९. कोकणातल्या दापोलीजवळच्या पालगड गावात त्यांचा जन्म झाला. घराणं एकेकाळी खोताचं, पण गुरुजींना कळायला लागेपर्यंत घरातली श्रीमंती जाऊन कर्ज आलं होतं. सावकार दारात यायचा. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई.

या आईनं मुलाला काय शिकवलं हे ‘श्यामची आई’ नीट वाचलं की कळतं. त्यात धडे आहेत, पण ते पाटी-पेन्सिलीचे नाहीत. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या पोराला आई शिमटीनं बडवून विहिरीवर पाठवते. पत्रावळ लावता येत नाही म्हणून ताटावर अडवणूक होते, मग पोरगं इरेला पेटून पत्रावळ लावायला शिकतं. म्हणजे पुढं जो माणूस वर्गाबाहेरचा मास्तर झाला, तो स्वतःही वर्गाबाहेरच घडला होता.

शाळा मात्र सलग मिळाली नाही. दापोली, मग औंध, मग पुणे. जिथं फुकट किंवा स्वस्तात शिकायला मिळेल तिथं जायचं, कधी हातानं स्वयंपाक करायचा, कधी अर्धपोटी राहायचं. अशातच १९१७ साली आई गेली. त्या वेळी ते जवळ नव्हते. ही सल त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या एसपी कॉलेजातून, ते बीए झाले आणि तत्त्वज्ञानाच्या ओढीनं अमळनेरला आले.

आता प्रश्न पडेल की तत्त्वज्ञान शिकायला कुणी अमळनेरला का जाईल? तर अमळनेर तेव्हा भारीच गाव होतं. गिरणीमालक प्रताप शेठ यांनी तिथं १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं होतं. देशभरातली विद्वान मंडळी बोरी नदीच्या काठावर येऊन वेदान्तावर चर्चा करायची. गुरुजी तिथं शिकले, १९२४ साली एमए झाले. पण विद्वत्तेच्या त्या शांत वातावरणात त्यांचं मन काही रमलं नाही.

गावातच खानदेश एज्युकेशन सोसायटीची शाळा होती, जी पुढं प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. जून १९२४ मध्ये गुरुजी तिथं शिक्षक म्हणून लागले.

वर्गात ते चांगलंच शिकवायचे, पण खरी गोष्ट घडली ती शाळेच्या छात्रालयात.

छात्रालय म्हणजे होस्टेल. खानदेशातल्या खेड्यापाड्यातून आलेली पोरं तिथं राहायची. घरी अहिराणी किंवा तावडी बोलणारी, शेतकऱ्यांची, पहिल्यांदाच गाव सोडलेली. त्यांना सांभाळायला वॉर्डन पाहिजे, आणि वॉर्डन म्हटलं की छडी, हजेरी आणि दंड असा तो जमाना. गुरुजींकडं छात्रालय आलं आणि सगळं उलटंच झालं.

पोरांच्या खोलीत कचरा दिसला तर गुरुजी बोलायचे नाहीत. गुपचूप झाडू घ्यायचे आणि झाडून काढायचे. कंदिलाची काच काळी झालेली असली तर पुसून ठेवायचे. अंथरुणं पडलेली असली तर घड्या घालायचे. कोणी आजारी पडलं तर उशाशी बसून राहायचे, त्याचे कपडे धुवायचे. पोरं शाळेतून परत आली की खोली चकाचक. एक दिवस मजा वाटते, दोन दिवस वाटते, तिसऱ्या दिवशी लाज वाटायला लागते. मग पोरं आपोआप झाडू उचलायची.

आजच्या भाषेत याला इमोशनल ब्लॅकमेल म्हणता येईल, आणि तसं म्हणणारे तेव्हाही असणार. पण एक फरक आहे. पोरांनी काम हातात घेतलं म्हणून गुरुजी खुर्चीत जाऊन बसले नाहीत. ते पोरांच्या शेजारी झाडतच राहिले.

दुसरी गोष्ट होती ती हातानं लिहिलेल्या कागदाची.

पोरांना वाचायची गोडी लावायची तर पाठ्यपुस्तकाच्या पलीकडचं काहीतरी पाहिजे. खेड्यातून आलेल्या पोरांना वर्तमानपत्र कुठून मिळणार? म्हणून गुरुजींनी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिकच सुरू केलं. संपादक तेच, लेखक तेच आणि छपाईयंत्र म्हणजे त्यांचा हात. पोरं झोपली की लिहायला बसायचं, सकाळी अंक पोरांसमोर. त्यात देशात काय चाललंय ते असायचं, थोरामोठ्यांची चरित्रं असायची, गोष्टी असायच्या, आणि छात्रालयात काल काय चुकलं ते कुणाचा अपमान न करता सांगितलेलं असायचं.

दिवसभर वर्गात शिकवायचं, छात्रालय सांभाळायचं आणि रोज रात्री एक अंक लिहायचा. एकदा करून बघा म्हणजे अंदाज येईल. पोरं हा कागद परीक्षेसाठी वाचत नव्हती. आपल्यासाठी कुणीतरी रात्री जागून लिहिलंय हे त्यांना माहीत होतं. म्हणून ती वाचायची.

पुढं १९२८ साली गुरुजींनी ‘विद्यार्थी’ नावाचं छापील मासिक काढलं. तोवर ते खादी वापरायला लागले होते आणि पोरांनाही स्वातंत्र्याची हवा लागली होती.

आणि मग आलं १९३०.

गांधीजींनी मीठ उचललं. ज्या पोरांना आपण रोज देशभक्तांची चरित्रं वाचायला दिली, त्यांच्यासमोर आता नोकरी सांभाळत बसायचं कसं, हा पेच गुरुजींना पडला असणार. एका बाजूला देश आणि दुसऱ्या बाजूला जीव लावलेली पोरं. त्यांनी एप्रिलच्या शेवटी राजीनामा दिला. सहा वर्षांची मास्तरकी संपली. ‘गुरुजी’ हे नाव मात्र जन्माला चिकटलं. सहा वर्षांच्या नोकरीवर आयुष्यभर गुरुजी म्हणवून घेणारा दुसरा माणूस शोधून सापडणार नाही.

मे महिन्यात त्यांना अटक झाली. आधी धुळ्याचा तुरुंग, मग थेट दक्षिणेत तिरुचिरापल्ली. तिथं वेगवेगळ्या प्रांतांतले सत्याग्रही एकत्र होते, पण एकाला दुसऱ्याची भाषा येईना. देशासाठी एकत्र तुरुंगात बसलोय आणि एकमेकांची भाषा कळत नाही हे गुरुजींना फार लागलं. पुढं त्यांनी ‘आंतरभारती’चं जे स्वप्न बघितलं, त्याचं बी इथं पडलं. तमिळमधल्या ‘कुरल’चा त्यांनी मराठीत अनुवादही केला.

१९३२ मध्ये पुन्हा धुळे जेल. तिथं विनोबा होते. दर रविवारी विनोबा गीतेच्या एका अध्यायावर बोलायचे आणि गुरुजी भराभर लिहून घ्यायचे. अठरा अध्याय, अठरा रविवार. आज घरोघरी जी ‘गीता प्रवचने’ आहेत ती गुरुजींच्या त्या लेखणीमुळं. रोज रात्री दैनिक लिहून सवय झालेला हात इथं कामी आला.

त्यानंतर नाशिक जेल. ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं आणि पाच दिवसांत बहुतेक पुस्तक लिहून झालं. पुस्तकाची रचना बघा. संध्याकाळी पोरं गोळा होतात, श्याम रोज रात्री एक गोष्ट सांगतो. हे दुसरं तिसरं काही नाही, अमळनेरचं छात्रालयच आहे असं वाचताना वाटत राहतं.

आता येऊ फैजपूरला.

१९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन महाराष्ट्रात घ्यायचं ठरलं. तोपर्यंतची अधिवेशनं मुंबई, कलकत्ता, लाहोर अशा मोठ्या शहरांत व्हायची. गांधीजींचा आग्रह होता की या वेळी खेड्यात घ्या. मान मिळाला पूर्व खानदेशातल्या फैजपूरला. यावल तालुक्यातलं गाव. आज आजूबाजूला केळीच केळी दिसते तो हा पट्टा. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन.

लाखाच्या घरात माणसं येणार, त्यांना राहायला-खायला काय? पाणी, दिवे, संडास? इथं स्थानिक मंडळी कामाला लागली. पोलिसातली नोकरी सोडून चळवळीत आलेले खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने. शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, तट्टे, चटया असल्या गावातल्याच सामानातून ‘टिळकनगर’ सजवलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलांच्या रथातून मिरवत आले. सगळ्या देशाचं लक्ष खानदेशाकडं लागलं.

गुरुजी या सगळ्यात काय करत होते? अधिवेशनाच्या आधी ते गावोगाव फिरत होते. सभा घ्यायच्या, स्वयंसेवक गोळा करायचे, शेतकऱ्याला सांगायचं की हे अधिवेशन तुझं आहे. आणि डिसेंबरच्या थंडीत अधिवेशन भरलं तेव्हा व्यासपीठावर जाऊन बसण्याऐवजी ते सफाईच्या कामात होते. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वयंसेवकांचं सफाई पथक उभं केलं होतं. वरच्या जातीतली, शिकलेली माणसं मैल्याच्या बादल्या उचलत होती. गुरुजींनीही मैला वाहिला.

तो काळ लक्षात घ्या. ज्या कामाच्या नुसत्या सावलीनं माणूस बाटतो असं लोक मानायचे, ते काम एमए झालेला ब्राह्मण मास्तर हजारो शेतकऱ्यांच्या देखत करत होता. अस्पृश्यतेवरचं भाषण त्या गर्दीतले किती जण ऐकते माहीत नाही, पण हे दृश्य कुणाच्या नजरेतून सुटणार नव्हतं. छात्रालयातला झाडू इथं फक्त मोठ्या अंगणात आला होता.

खानदेशाचा आणि गुरुजींचा संबंध फैजपूरनं संपला नाही. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं. त्याच वर्षी अतिवृष्टीनं पूर्व खानदेशातली पिकं गेली तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून ते रान उठवत फिरले. सरकार स्वतःच्याच पक्षाचं होतं, तरी फिरले. गिरणी कामगारांच्या बाजूनंही ते उभे राहिले.

१९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्यानं उभारणी झाली. दलप्रमुख एस. एम. जोशी. गुरुजी संस्थापक नव्हते, पण सेवा दलाच्या पोरांचं दैवत तेच. आणि सेवा दलाची शाखा म्हणजे काय? तर संध्याकाळी मैदानात जमायचं, खेळ खेळायचे, लेझीम करायची, घाम निघाला की गोल करून बसायचं. मग गाणी, गोष्टी, आणि त्यातूनच जात का मानायची नाही यावरची चर्चा. आधी खेळ, मग विचार. नागपुरात फुटबॉलनं जे केलं ते इथं लेझीम करत होती. याच सेवा दलाच्या कलापथकांतून पुढं निळू फुले आणि दादा कोंडके आले, ही एक गंमत.

बेचाळीसला भूमिगत, मग पुन्हा तुरुंग. स्वातंत्र्य तोंडावर आलं तेव्हा गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून आधी महाराष्ट्र पिंजून काढला आणि १ मे १९४७ ला उपोषण सुरू केलं. दहा दिवसांनी मंदिराचे दरवाजे उघडायचं मान्य झालं.

पण त्यानंतरचे दिवस त्यांना जड गेले. फाळणीची कत्तल झाली, गांधीजींचा खून झाला आणि खुनी महाराष्ट्रातला निघाला. गुरुजींनी एकवीस दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून आपल्या पुतणीला लिहिलेली पत्रं छापायला लागले. पत्रं एका मुलीला, पण वाचायची सगळ्या महाराष्ट्रातली मुलं. फुलं, पक्षी, नद्या, पुस्तकं, देशोदेशीच्या गोष्टी. हस्तलिखित दैनिक लिहिणारा अमळनेरचा मास्तर पुन्हा तेच करत होता.

आतून मात्र ते खचत गेले होते. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय पन्नास. हजारो पोरांना जगायची उमेद देणाऱ्या माणसाची स्वतःची उमेद कशी संपली, यावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय. एका कारणात ते बसत नाही.

तीन वर्षांनी आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’वर सिनेमा काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. फैजपुरात १९६१ साली कॉलेज उभं राहिलं, त्याला धनाजी नानांचं नाव आहे. आणि रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघरला गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे. तिथं मुलांची शिबिरं भरतात. आठ-दहा दिवस पोरं एकत्र राहतात, खेळतात, गाणी म्हणतात आणि जेवण झालं की आपापलं ताट आपण घासतात.