आगगाडीतला सोबती : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र

कुरखेड्याहून कोरचीची वाट धरून पूर्वेस चालत राहिले म्हणजे रान व डोंगर मागे पडतात आणि छत्तीसगडचा मुलूख लागतो. त्या मुलखात राजनांदगाव नावाचे शहर आहे. आपल्या भागातील काही जण सोयरिकीच्या किंवा कामधंद्याच्या निमित्ताने तिकडे जाऊन आले असतील. परंतु आपण उपासनेत ज्यांची भजने गातो ते रेव्हरंड टिळक ह्याच राजनांदगावास जाणाऱ्या आगगाडीत प्रथम प्रभूच्या वाटेस लागले, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल. तीच आज सांगावी असे आम्ही योजिले आहे.

ती सांगण्यास कारणही आहे. खेडोपाडी फिरताना आमचे उपदेशक बंधू दोन गोष्टी आम्हांस वारंवार बोलून दाखवितात. एक अशी की, आम्ही अल्पशिक्षित माणसे, शहाण्यासुरत्या लोकांपुढे आम्ही साक्ष ती काय देणार? दुसरी अशी की, इतकी वर्षे आम्ही बोललो, परंतु फळ दिसत नाही. मग हे बोलणे व्यर्थ तर गेले नाही ना? ह्या दोन्ही प्रश्नांनी पुष्कळांचे हात गळून गेलेले आम्ही पाहिले आहेत. आमचे स्वतःचेही कधी कधी गळाले आहेत. टिळकांचे चरित्र ह्या दोन्ही प्रश्नांस उत्तर देते.

नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. आई जानकीबाई प्रेमळ व भाविक होती, आणि मुलाचा सारा जीव तिच्यावर होता. ती लवकर निवर्तली. त्यानंतर नारायणास घरात राहवले नाही, आणि कोवळ्या वयातच घर सोडून तो नाशिकास आला. तेथे परक्यांच्या आश्रयाने त्याने संस्कृत विद्या संपादन केली व कविता करू लागला. १८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका ह्या मुलीशी त्याचे लग्न झाले. ह्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास परिचित झाल्या.

टिळकांची वृत्ती मोठी अस्थिर होती. एके ठिकाणी नोकरी धरावी आणि थोड्याच काळात सोडावी, हाती आलेला पैसा गरजवंतास देऊन टाकावा, घरात काही नसताना दुसऱ्यासाठी धावावे, असा त्यांचा क्रम असे. परंतु ह्या भटकण्याच्या मुळाशी एक तळमळ होती. आपल्या देशाची दैना, जातीजातींतील तट आणि गोरगरिबांची विटंबना पाहून त्यांचे चित्त पोळत असे. ज्यात देव एक आणि सारी माणसे भावंडे असा काही नवा धर्म आपणच स्थापावा, असेही विचार त्यांच्या मनात घोळत होते. ह्याच काळात ते नागपुरास आले. तेथे आप्पासाहेब बुटी ह्या धनिक व विद्याप्रेमी गृहस्थांच्या आश्रयाने त्यांनी प्राचीन संस्कृत ग्रंथांचे काम केले व ‘ऋषि’ नावाचे मासिकही चालविले.

१८९३ च्या सुमारास ते आगगाडीने राजनांदगावास निघाले. त्या वेळी राजनांदगाव हे एक लहानसे संस्थान होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ बसलेले होते. साहेब लोक त्या काळी आपल्या लोकांशी कसे वागत हे सांगावयास नको. परंतु ह्या गृहस्थांनी आदराने जागा करून दिली व गोडीने बोलण्यास आरंभ केला. आरंभी त्यांनी धर्माचा विषय काढला नाही. संस्कृत काव्याविषयी गोष्टी निघाल्या, आणि टिळकांस जे प्रिय होते तेच त्या गृहस्थांनी मनापासून ऐकून घेतले. मग हळूहळू प्रभू येशूचा विषय निघाला. शेवटी त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली, ती वाचण्याची विनंती केली, आणि हा तरुण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती होईल असा विश्वासही बोलून दाखविला. टिळकांस ते बोलणे मुळीच खरे वाटले नाही. परंतु पुस्तक वाचीन असे वचन त्यांनी दिले. दोघांनी एकमेकांचे नावगाव विचारले नाही. गाडी थांबली, आणि दोघे आपापल्या वाटेने गेले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. त्या गृहस्थांनी केले ते काय? प्रवचन केले नाही, वाद घातला नाही, दुसऱ्याच्या धर्माची निंदा केली नाही. जागा दिली, ऐकून घेतले, आपल्या प्रभूविषयी थोडे बोलले आणि एक पुस्तक दिले. उतरताना त्यांच्या हाती फळ म्हणावे असे काहीच नव्हते. वहीत लिहिण्याजोगे एक नावही नव्हते. आपल्या उपदेशकांपैकी कोणी त्या दिवशीचा अहवाल लिहिला असता, तर आज काही घडले नाही असेच त्याने लिहिले असते.

टिळक वचनास जागणारे होते. पुस्तक फारसे आवडले नसतानाही, बोललो म्हणून त्यांनी वाचावयास घेतले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे पाय तेथेच खिळले. ज्या प्रश्नांनी त्यांस वर्षानुवर्षे झोपू दिले नव्हते, त्यांची उत्तरे त्या थोड्याशा पानांत त्यांस सापडू लागली. जो धर्म आपण स्थापू म्हणत होतो, तो दुसऱ्या कोणी आधीच स्थापिला आहे, आणि आपल्या प्राणाचे मोल देऊन स्थापिला आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. शोध चालू राहिला, लोकांत कुजबुज सुरू झाली, विरोध वाढला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतील त्या भेटीस तेव्हा दोनच वर्षे होत आली होती.

आता ह्या साक्षीचे मोल पाहा. ही वार्ता लक्ष्मीबाईंच्या कानी पडली तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. पती जिवंत असून नसल्यासारखा झाला. पदरी लहानगा दत्तू होता. नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले, आणि चार-पाच वर्षे नवराबायकोची ताटातूट झाली. आपल्या खेड्यांत ज्यांनी एकट्याने बाप्तिस्मा घेतला, ज्यांची चूल वेगळी झाली, ज्यांस विहिरीवर व पंगतीत परके व्हावे लागले, त्यांस ह्या दुःखाचा अर्थ आम्ही समजावून सांगावा असे नाही. टिळकांनी ते दुःख सोसले. ते घरी पत्रे लिहीत राहिले व वाट पाहत राहिले. त्यांनी बायकोस टाकले नाही, आणि तिच्यावर बळजबरीही केली नाही.

पुढे लक्ष्मीबाई नगरास त्यांच्यापाशी राहावयास आल्या, परंतु त्या आपल्या धर्माने राहणार अशा ठरावाने. त्यांचे स्वयंपाकपाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनी ते सर्व चालू दिले. मंडळीतील लोक काय म्हणतील ह्याची त्यांनी पर्वा केली नाही. स्वतः गावोगाव प्रवचने करणारा मनुष्य आपल्या घरात मात्र तोंडाने फार थोडे बोलत होता. त्याचे वागणे बोलत होते. एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात आपोआपच प्रकाश पडला की, जातीचा भेद देवाने केलेला नाही, तो माणसाने केलेला आहे. तेथून बंधने एकामागून एक गळत गेली, आणि १९०० साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. घरच्या माणसाची साक्ष ही सर्वांत कठीण साक्ष होय. कारण तेथे आपले दोष झाकले जात नाहीत. टिळक रागीट होते, उधळे होते, आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत ते दोष मोकळेपणाने लिहून ठेविले आहेत. तरीही त्याच घरात त्यांची साक्ष खरी ठरली, ही गोष्ट आम्हां दोषी माणसांस मोठा धीर देणारी आहे.

नगर येथे टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञान शाळेत शिकविण्याचे काम केले, आणि १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. परंतु त्यांचे मोठे काम गाण्याचे होते. त्यांच्या आधी आपल्या मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बेतलेली गीते फार असत. खेड्यातील बाईस ती गाता येत ना तिला त्यांचा अर्थ लागे. नगरच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा आधीच पडलेली होती. टिळकांनी तिला बळ दिले, आणि अभंग, ओवी, भजन ह्या आपल्या जुन्या वाटांनी प्रभूस महाराष्ट्राच्या घरात आणिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते कृतज्ञतेने सांगत. ख्रिस्ती झाल्याने आपण मराठी राहिलो नाही असे त्यांस कधी वाटले नाही; उलट देशावरील त्यांचे प्रेम वाढतच गेले. ख्रिस्ती नसलेले कवीही त्यांच्या घरी आपल्या घरासारखे राहत. बालकवी ठोंबरे हे त्यांतील एक होत.

ह्यात आपल्या झाडीपट्टीस मोठा बोध आहे. आपल्याकडे मंडईच्या दिवसांत दंडार होते, रात्रभर खंजेरीवर भजने चालतात, आणि कित्येक घरांत आजही गोंडी बोलली जाते. जी भाषा आई बाळाशी बोलते त्या भाषेत प्रभूची गोष्ट सांगावी, जी चाल लोकांच्या ओठांवर आहे त्या चालीत गावी. मोहफुले वेचताना, धान बांधताना, आठवड्याच्या बाजारातून परतताना सोबत्याशी जे दोन शब्द बोलले जातात, त्यांस व्यासपीठ लागत नाही.

आयुष्याच्या शेवटी टिळकांनी आणखी एक पाऊल उचलले. लोक म्हणत की, हे पगारी उपदेशक आहेत, पोटासाठी बोलतात. हा टोमणा आपल्या उपदेशकांच्याही कानांवर येतो. टिळकांनी १९१७ साली मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ नावाची भक्तमंडळी सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त तीत बसू शकत. हे सर्वांस रुचले नाही. बाप्तिस्म्याचे महत्त्व त्यामुळे कमी होईल असे पुष्कळांस वाटले, आणि त्या शंकेत काही तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. सर्वांनी वेतन सोडावे असेही आम्ही म्हणत नाही, कारण काम करणारा आपल्या मजुरीस योग्य आहे. परंतु आपले बोलणे विकत घेतलेले नाही हे लोकांस दिसावे ह्यासाठी टिळकांनी जे सोडले, त्यावरून आपणही आपले अंतःकरण तपासून पाहावे. त्याचप्रमाणे, ज्याच्यापुढे आपण साक्ष देतो त्यास कोणतेही आमिष दाखवू नये, आणि भीतीही घालू नये. आमिषाने आलेला मनुष्य आमिष संपताच परत जातो, आणि जाताना प्रभूच्या नावास बट्टा लावून जातो.

९ मे १९१९ रोजी मुंबई येथे टिळक प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. तेव्हा त्यांचे वय ५७ वर्षांचे होते. १९०९ साली आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूचे ओवीबद्ध चरित्र अपुरेच राहिले. ते पुरे कोणी केले? जिने एकेकाळी ख्रिस्ती पतीच्या हातचे पाणी वर्ज्य मानिले होते, जिला शाळा अशी मिळालीच नव्हती, त्याच लक्ष्मीबाईंनी पुढील ६४ अध्याय रचिले. १९३६ साली त्याही प्रभूकडे गेल्या, आणि १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ ख्रिस्ती नसलेले मराठी वाचकही आजवर आवडीने वाचीत आले आहेत.

आता हा धागा मागे मागे न्यावा. आपल्या मंडळीतील एखादी म्हातारी पहाटे जात्यावरच्या ओवीसारखे टिळकांचे भजन म्हणते. त्यामागे टिळकांची तळमळ आहे, तिच्यामागे डोंगरावरील प्रवचन आहे, आणि ते प्रवचन त्यांच्या हाती पोहोचविणारा एक अनोळखी प्रवासी आहे. त्याने नावही सांगितले नाही. तो विद्वान होता म्हणून नव्हे, तर त्याने सोबत्यास जागा दिली व आपल्या प्रभूस लपविले नाही, म्हणून हे घडले.

तेव्हा बंधुभगिनींनो, फळ दिसत नाही म्हणून खिन्न होऊ नये. धान पेरल्यावर शेतकरी रोज माती उकरून पाहत नाही. येत्या आठवड्यात बाजारच्या वाटेवर, एसटीच्या बाकावर किंवा शेताच्या बांधावर कोणी आपल्याशेजारी येऊन बसेल. त्यास प्रथम जागा द्यावी. त्याचे ऐकून घ्यावे. मग प्रभूने आपल्यासाठी काय केले ते दोन साध्या शब्दांत सांगावे, आणि पुढचे त्याच्या हाती सोपवावे. जो त्या डब्यात दोघांमध्ये तिसरा होऊन बसला होता, तो आपल्याही सोबतीस असो. आमेन.